ड्रायव्हरांची पंगत

८ जुलै
विलिस्टन, नॉर्थ डकोटा

लवीना,

तुझं पत्र पोचलं. कुणाला सांगू नकोस असं लिहिलंयस. मी कुणाला सांगणार? इथे एका खोलीत आम्ही चौघं झोपतो, त्यातल्या एकालाही आपलं लँकेस्टर कुठे आहे ते ठाऊक नाही. तुझ्या लग्नाची बातमी फुटायचीच असेल तर ती आईच्या सेलरीमुळे फुटेल. रस्त्याकडेच्या वाफ्यात लावली म्हणतेस! घरात लग्नाची मुलगी, वर मळ्यात लग्नाच्या पंगतींना पुरेल एवढी सेलरी, मग मालिंडाकाकूला आणखी काय पाहिजे? बग्गी हळू करून मोजत असेल ती. बाबांना सांग, पुढून मक्याच्या दोन ओळी राहू द्या. निदान ऑक्टोबरात बिशप घोषणा करेपर्यंत तरी लोकांना नुसता संशय असू दे.

रूबेन म्हणजे ग्लिकांचाच ना तो? शाळेत कुणाच्या नाकातून रक्त आलं की हा आधी खाली बसायचा. लग्नाआधी कोंबड्यांची मुंडकी नवऱ्यालाच उडवावी लागतात हे त्याला कुणी सांगितलंय का? नसेल तर सांगू नकोस. मजा बघू.

बघू म्हणजे तुम्ही बघाल. मी कुठून बघणार?

तू लिहितेस, 'तू असावास असं वाटतं.' कुणाच्या पंगतीला बसवशील मला? बाप्तिस्मा न घेता निघून गेलो असतो तर आज पाहुणा म्हणून आलो असतो, चार लोकांनी तोंडं वाकडी केली असती, तेवढंच. पण अठराव्या वर्षी बरोबरीची सगळी पोरं गुडघे टेकत होती म्हणून मीही टेकले, जन्मभर चर्चच्या मंडळीत राहीन म्हणालो, आणि विसाव्या वर्षी पळालो. म्हणून आता माझ्यावर बहिष्कार, माझ्या ताटाला कुणाचं ताट लागायचं नाही. माझ्या हातातून कुणी काही घ्यायचं नाही. नियम तुला पाठ आहेत, मी कशाला शिकवू.

काम बरं चाललंय. तेलाच्या विहिरीवर पाइप धुतो. धूळ फार.

विचारलंस म्हणून सांगतो, येईन. पण भाऊ म्हणून बसायचं आहे मला. कसं जमवायचं ते तू बघ. तू आईपेक्षा हुशार आहेस.

इलाम


३ ऑगस्ट

लवीना,

आधी कामाचं. बाकांची गाडी दोन दिवस आधीच मागवून घ्या, आमोसकाकांकडच्या लग्नात आयत्या वेळी आली नि अर्धे म्हातारे उभे राहिले. बाकं जोडून टेबलं करताना खोलीच्या कोपऱ्याकडून सुरुवात करायची, कारण नवरा-नवरीचा कोपरा एकदा पक्का झाला की बाकी पंगती आपोआप सरळ लागतात. बाबा दारापासून मांडत येतील आणि शेवटी कोपऱ्यात तुम्हा दोघांना गुडघे दुमडून बसावं लागेल. चुलींची भाड्याची गाडी धुण्याच्या खोलीला लागून उभी करा, वारा मागून येतो तिथे. घोडे खालच्या कुरणात. पाहुण्यांचे घोडे सांभाळणाऱ्या पोरांना सांगा, लगामाला खडूने आकडा टाका. सगळे घोडे तांबडे, सगळ्या बग्ग्या राखाडी, आणि निघताना सगळे म्हातारे म्हणतात, 'हा माझा नाही.'

आता तू आईचं लिहिलंस ते.

आई म्हणाली, 'त्याला सांग, मी मांडीन टेबल.' मला माहीत आहे ती कसं मांडते. गेल्या नाताळात मांडलं होतं. जेवणाच्या मोठ्या टेबलाला लागून एक छोटं टेबल, दोन्हींच्या मध्ये बोटभर फट, आणि दोन्हींवर मिळून एकच चादर. माणसांना एक दिसावं, देवाला नि बिशपला दोन. तू माझ्या समोरच बसली होतीस. मी बाबांपुढे मिठाची वाटी धरली. ते बघत राहिले. मी ती खाली ठेवली, तेव्हा त्यांनी उचलली. आई म्हणाली, 'बटाटे गार होतायत.' मी चादरीवर मूठ ठेवून दाबली, तशी चादर त्या फटीत खाली गेली, आणि तुझा पेला लवंडला. मग मी उठलोच. ॲपल पायसुद्धा खाल्ला नाही. तुला वाटलं असेल मी रागावलो. रागावलो नव्हतो.

ती फट मला नको. तीनशे माणसांसमोर तर मुळीच नको. आईला सांग, फटीवर जेवण्यापेक्षा मी उपाशी बरा.

मी काम बदललं. आता पाण्याचा टँकर चालवतो. पाइपवाला मुकादम फार बोलायचा.

इलाम


९ सप्टेंबर

लवीना,

सेलरीला माती लावायला सुरुवात केलीत का? उशीर नको. दांडे उन्हात राहिले तर हिरवे आणि कडू होतील, मग टेबलावर बरणीत उभे करून काय दाखवाल लोकांना? माती लावताना आतल्या पानांत शिरू देऊ नका. हे काम बाबा कधीच नीट करत नाहीत, घाई करतात. मी करायचो.

तू बिशप सॉलोमनकडे गेलीस. एकटी गेलीस, तेही कामाच्या दिवशी, हे वाचून मी टँकर रस्त्याकडेला लावून बसलो. काय म्हणाले ते तू जसंच्या तसं लिहिलंस, बरं केलंस. 'दार उघडंच आहे. त्याने येऊन मंडळीसमोर गुडघे टेकावेत, चूक झाली म्हणावं, सहा आठवड्यांत तो तुझ्या शेजारी जेवेल.'

हिशेब मीही केला. आज निघालो तर लग्नाआधी होऊन जाईल.

पण लवीना, गुडघे टेकले की राहावं लागतं. खोटं टेकून लग्न जेवून परत पळायचं, हे माझ्यासारख्यालासुद्धा जमणार नाही. आणि राहता मला येत नाही. बाबा म्हणायचे ना, 'ह्याच्या पायाला भिंगरी आहे.' ते चिडून म्हणायचे, पण खरं म्हणायचे. सकाळी गोठ्यात गेलो की वाटायचं, उद्याही इथेच, तीस वर्षांनीही इथेच, ह्याच बादलीशी. मग वाटलं इथे येऊन सुटेन. इथेही तेच. फ्लोरिडात छपरं घातली, तिथेही तेच. कुठेही तीन महिने झाले की भिंती जवळ येतात. घरी निदान कुणी 'इलाम' म्हणून हाक मारायचं. इथे मला 'पेनसिल्व्हेनिया' म्हणतात.

कधी कधी वाटतं, माझ्यात काहीतरी घालायचंच राहून गेलं. आईने पीठ मळताना मीठ विसरावं तसं.

पत्र आता पोस्टातच ठेवून घ्यायला सांग, माझ्या नावाने, मी जाऊन घेईन. खोली सोडली.

एक डोक्यात आलंय. ओहायोहून रिबेकामावशी आणि मंडळी येणार, ती कुणाच्या गाडीने? आपल्यात मोटार ठेवत नाहीत, तेव्हा भाड्याचा ड्रायव्हर लागेलच. त्यांच्यासोबत येणाऱ्या ड्रायव्हरांना आपण जेवायला घालतोच ना? त्यांचं टेबल वेगळं असतं, पण ते वेगळं असतं कारण ते बाहेरचे. त्यात लाज नाही. तिथे मला कुणी का बसवू नये?

इलाम


७ ऑक्टोबर

लवीना,

एवढं चिडायला काय झालं? चार पानं लिहिलीस आणि त्यातलं दीड पान नुसतं 'नाही.'

मी गाडी चालवणार नाही हे मलाही कळतं. माझ्या गाडीत मावशी बसली तर तिलाच मंडळीसमोर उभं करतील. गाडी वॉल्टरची आहे. म्हातारा पूर्वी शाळेची बस चालवायचा, मी फोनवर बोललो. चालवणार तो. मी नुसता शेजारी बसणार, सामान चढवणार, उतरवणार. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. 'तुला पाठीचं दुखणं आहे का?' एवढंच. त्याला आहे, म्हणून मी हवा.

तू लिहितेस, 'आईने छोटं टेबल पॉलिश करून ठेवलंय. स्वैपाकघराच्या खोलीत, कोपऱ्यातून मला दिसेल असं ठेवणार आहे. तिने स्वतः जागा मोजली.' वाचलं मी ते. दोनदा वाचलं. माझं उत्तर तेच आहे. सगळी बिरादरी येता-जाता बघणार, 'तो बघ, लेव्हीचा पोरगा, चादर उचलून बघ फट आहे का.' मालिंडाकाकू तर खरंच उचलेल.

आणि तू शेवटी लिहिलंयस, 'ड्रायव्हर म्हणून येशील तर ड्रायव्हर म्हणूनच राहशील, इलाम. नीट विचार कर.' हे काय तू स्वतः लिहिलंस की रूबेनने सांगितलं? धमकी वाटते. ड्रायव्हर म्हणून राहायला काय हरकत आहे? ड्रायव्हरला लोक हात देतात. त्याच्या हातून पेला घेतात. 'या' म्हणतात. मला घरात कुणी 'ये' म्हणून तीन वर्षं झाली.

माझं ठरलं. मला तुझं लग्न बघायचंय. निदान तू घरातून लग्न लागतं त्या कोठारापर्यंत चालत जाशील ते तरी दिसेल. ते झालं की गुपचूप जेवून निघेन.

आईला तूच सांग. मी तिला लिहीत नाही.

थंडी सुरू झाली. रात्री सेलरीवर पोती घालायला विसरू नका, ऑक्टोबरातलं गोठलेलं दव वाईट.

इलाम


३० ऑक्टोबर

लवीना,

रविवारी तुमची घोषणा झाली असेल. तू प्रार्थनेला गेली नसशील, घरी थांबून रूबेनसाठी रांधलं असशील, आणि तो सभेतून एकटाच बाहेर पडून घोडा पळवत आला असेल. रीत आहे म्हणून. मी इथे टँकरच्या टपावर बसून, नाही, टँकर आता माझ्याकडे नाही. ते जाऊ दे. मी बसलो होतो आणि वाटलं, आत्ता बिशपने नाव घेतलं. आत्ता मालिंडाकाकू म्हणाली असेल, 'मला जुलैपासून माहीत होतं.'

निळा झगा शिवून झाला म्हणालीस. आणि पांढरा एप्रन. लग्नानंतर आई तो घडी घालून पेटीत ठेवेल, आणि पुन्हा तुझ्या अंगावर चढेल तो शेवटीच, शवपेटीत. लहानपणी आईचा बघितला होता ना आपण, तू विचारलंस, 'हा परत कधी घालणार?' आणि आई म्हणाली, 'तेव्हा मला विचारून उपयोग नसेल बहुतेक.' हसत म्हणाली. तिला असलं हसत बोलता यायचं.

मला हेवा वाटतो. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसाचे कपडेसुद्धा तयार असतात. मी उद्या कुठे असेन ते मला सांगता येत नाही.

कोंबड्या आदल्या दिवशी सकाळीच उरकून घ्या. रूबेनला सांग, कुऱ्हाड उचलली की डोळे मिटायचे नाहीत. मिटले की बोट जातं.

आईला सांगितलंस ते लिहिलंस. 'बरं' म्हणाली आणि भांडी घासत राहिली. 'बरं' म्हणजे चालेल, असंच मी धरतो.

इलाम


१८ नोव्हेंबर
बसच्या थांब्यावर, इंडियाना

लवीना,

लग्न झालं. तुला माहीतच आहे, तुझंच होतं.

तू मला शोधलंस का ते मला ठाऊक नाही, तुला तेव्हा शोधायला वेळ नसणार. म्हणून जे झालं ते लिहितो. तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

ओहायोला वॉल्टरच्या गाडीत मावशी, काका आणि त्यांच्या दोन लेकी चढल्या. मी पुढे, टोपी डोळ्यांवर. मावशीने पहिल्याच नजरेत ओळखलं. माझ्या मानेकडे बघत अख्खा प्रवास बसली. मला पाळण्यात झोके दिलेले तिने. अर्ध्या वाटेत वॉल्टरला इंग्रजीत म्हणते, 'तुमच्या मदतनिसाला म्हणावं, काच वर घ्या, वारा लागतोय.' मी तिच्यापासून हातभर लांब होतो. काच वर केली. 'आभार मानते म्हणावं,' ती वॉल्टरला म्हणाली. वॉल्टरने मला सांगितलं, 'आभार मानतायत.' मी म्हटलं, 'हरकत नाही म्हणावं.' वॉल्टर हसायला लागला, त्याला वाटलं आमची काही थट्टा चाललीय.

पोचलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. बग्ग्या ओळीत, लगामावर खडूचे आकडे. माझं ऐकलंत. घोडे धरणाऱ्या पोरांतला एक आपल्या मार्विनकाकाचा धाकटा, मला बघून तोंड उघडंच राहिलं त्याचं, मग घोड्याकडे वळला.

ड्रायव्हरांचं टेबल बाबांच्या बग्गीच्या शेडमध्ये मांडलं होतं. सात-आठ जण होतो. कोठारातून गाणं ऐकू येत होतं, आपलं ते संथ, एकेक अक्षर ओढत नेणारं. एक ड्रायव्हर म्हणाला, 'कुणी मेलंय का?' दुसरा म्हणाला, 'लग्न आहे रे.' सगळे हसले. मीही हसलो, लवीना. मला त्या गाण्याचे शब्द पाठ आहेत आणि मी हसलो.

तू बाहेर आलीस ती मी शेडच्या फळ्यांतून बघितली. निळ्यात, पांढऱ्या एप्रनात. रूबेनच्या हातांची सगळी बोटं जागेवर होती. तू इकडे बघितलं नाहीस. बरं केलंस.

मग बाबा आले. दारात उभे राहिले, पाहुण्यांना काय हवं-नको विचारायला आले असणार. त्यांनी मला बघितलं. एक पाऊल आत टाकलेलं होतं, ते मागे घेतलं, आणि पाठ फिरवून गेले. तेव्हा मला राग आला. वॉल्टर म्हणाला, 'यजमान फारच घाईत दिसतात.'

वाढायला तुम्ही दोन मुली नेमल्या होत्या. त्यांनी ब्रेडचा चुरा घालून भाजलेली कोंबडी आणली, बटाटे, शिजवलेली सेलरी. सेलरी पांढरीशुभ्र होती. कडू नव्हती. आणि मग ॲपल पायची ताटं घेऊन आई आली. नवरीची आई, घरात तीनशे माणसं, आणि ती शेडमध्ये स्वतः आली. मला वाटलं, आता ही माझं ताट खाली ठेवेल, बाजूला, सरकवून. मी हात मांडीवर घेऊन बसलो. नियम मलाही कळतो.

ती एकेकाला विचारत आली. इंग्रजीत. आईचं इंग्रजी तुला माहीत आहे, दुकानात जाण्यापुरतं. माझ्यापाशी आली. म्हणाली, 'तुम्ही कुठून आलात?'

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईकडे बघते तसं.

'नॉर्थ डकोटा,' मी म्हटलं. इंग्रजीतच.

'फार लांब,' ती म्हणाली. 'पोटभर जेवा. अजून वाढू का तुम्हाला?'

'नको. झालं माझं.'

मी रिकामं ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. का धरलं मला सांगता येत नाही. वाटलं, ती थांबेल. बाबा थांबले तसे. मी ते खाली ठेवेन, मग ती उचलेल. मी ठेवलंच नाही, धरूनच राहिलो.

तिने घेतलं. माझ्या हातातून, सरळ. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, गरम, साबणाने भेगाळलेली. 'आभारी आहे,' म्हणाली, आणि पुढच्या ड्रायव्हरकडे गेली. 'तुम्ही कुठून आलात?'

लवीना, आपल्या आईने उभ्या आयुष्यात एक नियम मोडलेला नाही. आणि त्या दिवशीही तिने मोडला नाही. ज्याच्यावर बहिष्कार आहे त्याच्या हातून ती काही घेणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. बाहेरच्याच्या हातून घेते. दूधवाल्याच्या घेते, पोस्टमनच्या घेते. मीच मागितलं होतं ना तसं? तीन वर्षं मी म्हणत होतो, कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी घ्या. तिने घेतलं. बाबा निदान मला ओळखून पाठ फिरवून तरी गेले.

तुझा इशारा धमकी नव्हती, मला आता कळतंय. तू लिहिलं होतंस, तिने छोटं टेबल पॉलिश केलं, जागा मोजली. ते टेबल तिने शेवटी मांडलं होतं का, की उचलून ठेवलं, हे मला विचारायचं नाही. तूही कळवू नकोस.

ती गेल्यावर माझ्या शेजारचा ड्रायव्हर दात कोरत म्हणाला, 'बाई मायाळू आहे. सगळ्यांची चौकशी केली. तुझ्या ओळखीची का?'

'नाही,' मी म्हटलं. 'मी इकडे पहिल्यांदाच आलो.'

इलाम